काळी माती आणि परकी फुले

दिवाळीत जळगावच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले, की आमच्या काळ्या मातीविषयी माझी छाती फुगते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडची रुई अडली आणि खानदेशच्या कपाशीला सोन्याचे मोल आले, ते याच मातीच्या जोरावर. पण माझ्या पुतण्याने कर्ज काढून दहा गुंठ्यांत हरितगृह उभारले आणि जरबेरा लावला, तेव्हा हीच माती आम्हांला नडली.

"नाना, जिथं केळ पोसते तिथं फूल का पोसणार नाही?" तो म्हणाला, आणि मीही मान डोलावली. ठिबकचे पाणी जरासे अधिक झाले आणि झाडांचे गड्डे कुजू लागले. काळी माती पाणी पिऊन फुगते, मग मुळांना हवा मिळत नाही. शिवाय तिच्यात चुना. जरबेऱ्याला तर साडेपाच ते साडेसहा सामूची, किंचित आम्ल माती हवी.

हा पेच जुनाच आहे. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडातील जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स आणि न्यूएल यांनी कुंड्यांसाठी सात भाग माती, तीन भाग पीट म्हणजे दलदलीतील अर्धवट कुजलेले शेवाळ, आणि दोन भाग वाळू असे मिश्रण ठरविले. १९५७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने मातीलाच रजा देऊन वाळू आणि पीट यांच्या मिश्रणांचा पुरस्कार केला. आपल्याकडे पीटची जागा नारळाने घेतली. आलप्पुळ्यास १८५९ साली जेम्स डॅरा यांनी काथ्याचा कारखाना काढला. काथ्या काढताना उरणारा भुसा एके काळी नुसता कचरा होता. तोच आज कोकोपीट म्हणून विकत मिळतो.

पुतण्यापुढे दोन वाटा होत्या. कोकोपीट हलके आणि हवेशीर. पण त्यातले क्षार धुवावे लागतात, खत रोज पाण्यातून द्यावे लागते, आणि वीज गेली की झाड माना टाकते. तांबडी माती वाहून आणणे महाग, पण ती आपली एखादी चूक पोटात घालते. आमच्याकडच्या विजेचा भरवसा ओळखून त्याने तांबडी माती, शेणखत आणि भाताचे तूस मिसळून उंच गादीवाफे केले.

यंदा फुले आली आहेत. कर्ज अजून फिटायचे आहे. बांधापलीकडे काळ्या मातीत झेंडू मात्र कोणाला न विचारता फुलला आहे.