तालीम म्हणजे शाळा

रत्नागिरीला खेटून मिरजोळे. तिथल्या एमआयडीसीत पाळी करणारं आपलं पोरगं संध्याकाळी कराटे नाहीतर लाठी शिकायला निघालं, की पहिलं विचारतं, डाव कुठला शिकवणार? अंग कसं कमवायचं ते विचारत नाही. आणि आपल्या बापजाद्यांना अंग कमवू कोणी दिलं, कोणी दिलं नाही, हे तर त्याला कुठल्या धड्यात भेटलेलंच नाही. म्हणून हा लेख.

तालीम हा अरबी शब्द. मूळ अर्थ शिक्षण. मराठीत तो कुस्तीच्या घराला चिकटला. आपल्याला दोन्ही तालमी बंद होत्या. गावाच्या हौद्यातली माती आपल्या पायानं बाटायची आणि शाळेची पाटी आपल्या हातानं.

पुण्यात हे कुलूप फोडलं लहुजी राघोजी साळव्यांनी. जन्म १७९४, पुरंदरच्या पायथ्याला, मांगाच्या घरात. बाप राघोजी १८१७ साली खडकीच्या लढाईत पडला. लहुजींनी पुण्यात तालीम घातली. जोतीराव फुले तिथं दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले, पुढं वासुदेव बळवंत फडकेही आले. वस्ताद मांग आणि चेला ब्राह्मण! मनुस्मृतीची वीण तिथं घामानंच उसवली.

पट्टा हे काय हत्यार आहे ते समजून घ्या. हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत जातो. मनगट वळत नाही. म्हणजे वार सगळा खांद्यातून आणि कमरेतून काढायचा. खांदा कच्चा असेल तर चार फेऱ्यांत हात लोंबतो, मग डाव कितीही येवोत. म्हणून जुन्या तालमीत हत्याराआधी जोर, बैठका, मुद्गल. जोरानं छाती-खांदा, बैठकांनी मांड्या, मुद्गलानं पकड आणि खांद्याचं वळण. आजचे व्यायामशास्त्रवाले हेच सांगतात : आधी अंग, मग डाव.

हेच लहुजी वस्ताद जोतीरावांच्या शाळांमागंही उभे राहिले. त्यांच्याच घरातली मुक्ता साळवे त्या शाळेत शिकली आणि १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर तिचा निबंध छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची. एका घरात पट्टा आणि लेखणी. तालीम शब्दाचे दोन्ही अर्थ त्या घरानं एकत्र आणले.

आपल्या कोकणात ही तालीम पलटणीतून आली. रत्नागिरी जिल्ह्यातले महार मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या होते. पहाटेची कवायत, पाठीवर ओझं घेऊन कूच, साडेचार किलोच्या आसपासची बंदूक दिवसभर खांद्यावर. सोबत पोटभर जेवण. आणि पलटणीची शाळा. बाबासाहेबांचे वडील, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सुभेदार, अशाच शाळेत मास्तर होते. पेन्शनीत आलेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत बसून लिहू लागले, आणि वर्णाश्रमवाल्यांना घाम फुटला.

मग १८९२-९३ च्या सुमारास सरकारनं महारांची भरती बंद केली. कारण काय, तर लॉर्ड रॉबर्ट्ससारख्यांचं लाडकं शास्त्र : काही जाती जन्मानंच लढवय्या, बाकीच्या नाहीत. १८१८ ला कोरेगावात लढलेली माणसं एका हुकमानं नालायक ठरली! मनूनं जे पोथीत लिहिलं तेच साहेबानं भरतीच्या कागदावर उतरवलं. वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभी केली, गरज सरली तशी १९२१ ला मोडली. कायमची महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. बळ जातीत नसतं. ते सराव, अन्न आणि विश्रांती यातून येतं. आमचं अन्न तोडायचं आणि मग आम्हालाच दुबळे म्हणायचं, असा हा डाव होता.

आता महाड. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतणाऱ्यांवर सवर्णांच्या टोळ्यांनी लाठ्या चालवल्या. आपल्यात महायुद्धातून परतलेले शिपाई होते. हात शिवशिवत होते. बाबासाहेबांचा एक शब्द, आणि महाडात रक्ताचा पाट वाहिला असता. बाबासाहेबांनी आवरा म्हटलं आणि ते आवरले. माझ्या मते आपल्या इतिहासातली ही सर्वांत मोठी कसरत. कच्चा माणूस घाबरून मारतो किंवा घाबरून पळतो. कमावलेला माणूस थांबू शकतो. समता सैनिक दलाच्या कवायतीचं मर्म हेच.

दोस्त हो, आता रोकडं बोलू. साच्यावर आठ तास उभं राहणं, गोणी उचलणं हे कष्ट आहेत, व्यायाम नाही. कष्टात तोच सांधा, तोच झटका, रोज, आणि वर विश्रांती नाही. त्यानं माणूस झिजतो. व्यायामात ओझं बेतानं, आठवड्या-आठवड्यानं वाढवायचं आणि मधे अंगाला भरून यायला दिवस द्यायचा. स्नायू झोपेत बांधला जातो. रात्रपाळी करून आलेल्यानं त्या दिवशी जोर मारण्याची मर्दुमकी करू नये, झोपावं.

खुराक म्हणजे बदाम आणि तूप, ही धनिकांच्या तालमीतली समजूत. कुळथात शंभर ग्रॅममागं वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत. कुळथाची पिठी, सुकट, अंडी, नाचणीची भाकरी. ज्या ताटाला त्यांनी हलकं म्हटलं त्याच ताटात ताकद आहे.

आणि जिथं लाठी शिकवाल तिथं एक फळा टांगा. पोरगं शंभर बैठका मारून घामानं भिजलं, की त्याला मुक्ताचा निबंध वाचायला द्या. मुलींनाही आत घ्या, मागच्या रांगेत नको. नाहीतर आपल्याही तालमीला बाहेरून कडी लागेल, आणि ती लावणारे आपणच असू.