पानशेतच्या पाण्याआधीचा नकाशा

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेने आर्मी मॅप सर्व्हिस उभारली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांच्या आधारे तिने १९५० च्या दशकात भारताची ‘यू ५०२’ ही नकाशामाला रचली. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयामुळे ती आज ऑनलाइन पाहता येते. एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, या प्रमाणात राजगड आणि तोरणा यांतील अंतर जेमतेम तीन सेंटिमीटर भरते.

सैन्याला घाट, नद्या आणि उंची हवी होती. इतिहासाला मिळाले ते बुडालेले खोरे. भोरजवळचे भाटघर धरण १९२८ मध्येच पूर्ण झाले होते. वेल्ह्यातील पानशेत मात्र १२ जुलै १९६१ रोजी, पहिल्याच पावसाळ्यात फुटले. पुढे ते पुन्हा बांधले गेले. त्याआधीच्या सर्वेक्षणात आंबी नदीकाठी जलाशय नाही, नांदती गावे आहेत. म्हणून नकाशा वाचताना छपाईच्या सालाआधी सर्वेक्षणाचे साल पाहावे.