आजाऱ्याच्या घरचे जनावर

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगाचा, पहिला रोगी ओळखला आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत त्या अफाट शहरातील निम्म्याच्या आसपास वस्ती बोचकी बांधून बाहेर पडली, ही हकीकत मुंबईच्या इतिहासकारांनी विस्ताराने सांगितली आहे. परंतु त्या पळालेल्या माणसांपैकी पुष्कळांनी ज्या पैलतीराचा आश्रय केला, त्या उरण-मोऱ्यापासून रेवस, मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड अशा खाली उतरत गेलेल्या आणि आज रायगड जिल्ह्यात मोडणाऱ्या किनाऱ्याची हकीकत सांगण्याचे श्रम फारसे कोणी घेतलेले नाहीत. बंदरावर उतारूंची तपासणी, विलग छावण्या, भपारे, चुन्याची सफेदी, उतरवलेली कौले आणि जाळलेली अंथरुणे यांविषयीचे हुकूम दफ्तरात मिळतात. घरधनी तापाने फणफणला असता त्याच्या दावणीला बांधलेल्या बैलाला संध्याकाळी वैरण कोणी टाकली, ही बाब मात्र कोणत्याच मामलेदाराच्या कैफियतीत सहसा आढळत नाही, कारण तिच्यावर सरकारचा आकार बसत नसे.

आणि तरीही शेतकऱ्याच्या घरी आजारपण आले की पहिला व्यावहारिक प्रश्न हाच असे. माणूस लंघन करू शकतो, म्हशीचे दूध एक वेळही आचळात राहू देता येत नाही. खारपाटातल्या भातशेतीवर जगणाऱ्या या किनाऱ्यावर प्रत्येक घराच्या पाठीमागे गोठा, गोठ्याला लागून खुराडे आणि माळ्यावर किंवा ओटीच्या कोपऱ्यात भाताची कणगी अशी रचना असल्यामुळे मनुष्य, पशू आणि धान्य ही तिन्ही एकाच छपराखाली नांदत, आणि त्यांतील एकाची व्यवस्था बिघडली म्हणजे उरलेल्या दोहोंचीही बिघडे. अशा वेळी शेजारी म्हशीची धार काढून जाई व दूध आजाऱ्याच्याच घरी ठेवी. त्याबद्दल मोबदला ठरविण्याची रीत नव्हती. आजार लांबला तर व्यवहार निराळ्या पायरीवर जाई. कोकणात आणि घाटावरही प्रचलित असलेल्या अर्धेलीच्या वहिवाटीप्रमाणे पाडी किंवा शेळी दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाची, त्याने तिला चारावे, सांभाळावे, आणि पुढे जी वेते होतील त्यांत किंवा विक्रीच्या रकमेत दोघांनी निम्मा-निम्मा हिस्सा घ्यावा, असा हा करार बहुधा तोंडी होत असे. या वहिवाटीत दयेचा अंश थोडा आणि हिशेबाचा फार होता, असे कोणी म्हणेल. माझ्या मते तेच तिचे बळ होते, कारण दया आठ-पंधरा दिवसांत थकते, निम्म्या हिश्शाची अपेक्षा वर्ष-वर्ष टिकते.

शेजारी नसेल, अर्धेलीला घेणारा नसेल, तर मात्र जनावर दावे तोडून दुसऱ्याच्या शेतात शिरे आणि तेथून त्याची रवानगी कोंडवाड्यात होई. १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याची जी पद्धत घालून दिली, तिच्यात दंड आणि खावटीचा खर्च भरून जनावर सोडवून नेण्याचे काम मालकाचे. तो सात दिवसांत न आला तर जाहीरनामा, आणि त्यानंतरही न आला तर लिलाव. मालक का आला नाही, तो तापाने पडला आहे की मेला आहे, याची चौकशी करण्याचे कोंडवाड्याच्या रखवालदारावर बंधन नव्हते. मुंबईत मात्र १८३४ मध्येच जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद या दोन शेठियांनी पांजरपोळ स्थापन करून निराधार जनावरांची तजवीज केली होती. तिच्यामागे दोनच वर्षांपूर्वी कुत्र्यांच्या सरसकट कत्तलीवरून शहरात उसळलेला दंगा होता. किनाऱ्यावरच्या खेड्याला अशा शेठियाची जोड नव्हती. तेथे शेजार हाच पांजरपोळ.

आजारी धनी आणि त्याचे जनावर यांच्यामध्ये याखेरीज आणखी एक, फार जुने नाते होते, आणि ते सांगताना आजच्या वाचकाने नाक मुरडू नये अशी माझी विनंती आहे. दुखणे उतरत नसले म्हणजे रोग्यावरून कोंबडा ओवाळून तो शिवेबाहेर सोडून द्यावा, मरीआईला बकरे बोलावे, म्हणजे पीडा त्या मुक्या जीवाबरोबर गावाबाहेर जाईल, ही समजूत कोकणातल्या अनेक जातींत होती आणि अजून पुरती गेलेली नाही. येथून हजारो कोसांवर, दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातले लोकही हेच करीत; त्यांचे जनावर मात्र कोंबडा नसून घरात चुलीपाशी मोकळा फिरणारा गिनीपिग. रोग्याच्या अंगावरून तो जिवंत प्राणी डोक्यापासून पायापर्यंत फिरवावयाचा, मग तो चिरून त्याच्या कोणत्या अवयवात विकार दिसतो ते पाहावयाचे, आणि त्यावरून रोग्याच्या देहातले दुखण्याचे ठिकाण ठरवावयाचे, ही तेथील वैदूंची परीक्षा आजही चालू आहे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात हा प्राणी युरोपात नेला. तेथे तो आधी श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे झाला, आणि पुढे लाव्हाझिए, कॉख अशा शास्त्रज्ञांच्या हाती पडून प्रयोगशाळेचा कायमचा रहिवासी बनला. मुंबईत त्याला महत्त्व आले ते प्लेगाच्या पाठोपाठ.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन या शास्त्रज्ञांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील आपल्या तोकड्या प्रयोगशाळेत सिद्ध केलेली प्लेगाची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ च्या ऑगस्टात परळच्या जुन्या लाटसाहेबी बंगल्यात प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. लस निघाली होती, तरी रोग घरात शिरतो कसा, हे कोडे सुटलेले नव्हते. सरकारचा सारा अंमल घाण, दमट जमीन आणि माणसाचा माणसाला होणारा स्पर्श यांवर रोख धरून चालला होता. त्यातूनच घरांची झडती, रोग्यांची ओढाताण आणि पुण्यात २२ जून १८९७ रोजी प्लेगाच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड याच्यावर झडलेली गोळी हे सारे निघाले. खेड्यातल्या माणसाला मात्र एक गोष्ट अनुभवाने कळून चुकली होती: घरात उंदीर पडू लागला की घर सोडावे. महाराष्ट्रभर लोक माळावर, वाडीत, शेतात झोपड्या घालून राहू लागले. गुरे त्यांच्याबरोबर गेली, आणि त्यांच्यामुळे कोणाला बाधा झाली नाही, कारण गुराढोरांना हा रोग सहसा होत नाही. हे ज्ञान त्या वेळी कोणापाशीच नव्हते, पण आजाऱ्याची म्हैस आपल्या गोठ्यात आणून बांधणाऱ्या शेजाऱ्याने नकळत जे धाडस केले ते त्याला भोवले नाही.

उंदीर पडण्याचा आणि माणूस पडण्याचा दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत एका प्रयोगाने दाखविला: हा दुवा म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू. त्याच्यावर बहुतेकांचा विश्वास बसला नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन या डॉक्टराने त्या मताचा पाठपुरावा केला, आणि त्यात त्याला साहाय्य झाले ते राणीच्या बागेतल्या गिनीपिगांचे. त्या बागेत हे प्राणी प्लेगाने मेले, आणि एरवी ज्यांच्या अंगावर पिसवा आढळत नाहीत अशा त्या प्राण्यांच्या केसांत लिस्टनला उंदरांच्या पिसवा सापडल्या. उंदीर मेला की त्याच्या थंड पडलेल्या देहावरून पिसू उठते आणि मिळेल त्या उबदार अंगावर जाते, मग ते अंग गिनीपिगाचे असो की मनुष्याचे, ही संगती त्याने लावली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ मध्ये प्रसिद्ध केली.

त्याच वर्षी नेमलेल्या प्लेग आयोगाने परळला प्रयोगशाळेच्या आवारात लहान लहान खोल्या बांधल्या, आणि या खोल्यांचे वर्णन वाचताना किनाऱ्यावरच्या माणसाला आपलेच घर वाचल्यासारखे वाटावे. काहींचे छप्पर देशी नळीच्या कौलांचे, ज्यांच्या पन्हळीत उंदीर सुखाने वीण घालतात. काहींचे मंगलोरी कौलांचे. काहींचे पन्हळी पत्र्याचे. आत गिनीपिग ठेवले. पिसवा नसल्या तर रोगी आणि निरोगी प्राणी एकाच न झाडलेल्या खोलीत, एकमेकांची विष्ठा तुडवीत, एकाच भांड्यातले खात राहिले तरी निरोग्यांत साथ पसरली नाही. रोगग्रस्त आईच्या अंगावर पिणारी पिलेही सुटली. पिसवा आल्या की साथ सुरू झाली, आणि त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढली. जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्याला रोग झाला, दोन फुटांवर टांगलेल्याला झाला नाही, कारण पिसवेची उडी चार-पाच इंचांपलीकडे जात नाही. खाटेवर निजणारा आणि जमिनीवर चटई टाकून निजणारा यांच्यातला फरक कोणत्याही आरोग्यखात्याच्या पत्रकापेक्षा या टांगलेल्या पिंजऱ्याने अधिक स्पष्ट सांगितला.

याच्या पुढची पायरी मला सर्वांत विलक्षण वाटते. ज्या घरांत प्लेगाचा रोगी झाला होता त्या खऱ्या घरांत गिनीपिग नेऊन मोकळे सोडण्यात आले. धनी इस्पितळात, कुटुंब झोपडीत, गुरे शेजाऱ्याकडे, आणि त्या रिकाम्या खोलीत चार पायांचा एक परदेशी प्राणी इकडून तिकडे कोपरे हुंगत फिरतो आहे! त्याच्या अंगावर उंदराच्या पिसवा गोळा होत, काही प्राणी प्लेगाने मरत, आणि त्यावरून त्या घरात अजून धोका किती उरला आहे ते कळे. बारीक जाळीने झाकलेल्या पिंजऱ्यातला सोबती त्याच खोलीत जगे. अँडीजमधल्या वैदूने रोग्याच्या अंगावरून जो प्राणी फिरविला, तोच परळच्या डॉक्टरांनी रोग्याच्या घरातून फिरविला. दोघांनीही अखेर तो चिरूनच पाहिला. पद्धतीत अंतर आहे आणि ते मोठे आहे: डॉक्टरांनी तुलनेसाठी दुसरा पिंजरा ठेवला, वैदूने ठेवला नाही. तथापि, आजाऱ्याची पीडा मुक्या प्राण्यावर घालण्याची मनुष्याची खोड शास्त्राने मोडली, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

या प्रयोगांनी, शेवटी, कोणाची बाजू खरी ठरविली? उंदीर पडताच घर सोडणाऱ्या रयतेची. सरकारने सुरुवातीची वर्षे माणसाला माणसापासून ओढून काढण्यात घालविली, आणि रयत उंदरापासून दूर जात होती. १९०६ पासून जर्नल ऑफ हायजीनमध्ये आयोगाचे अहवाल छापले जाऊ लागले तेव्हा रयतेचे पाऊल शास्त्रशुद्ध असल्याचे निष्पन्न झाले, पण तसे कोणी तिला जाऊन सांगितल्याचे ऐकिवात नाही. पुढे १९०८ मध्ये ब्यूकॅनन नावाच्या लष्करी वैद्याने आपल्या इकडच्या अनुभवावरून मांजरे पाळण्याचा पुरस्कार ब्रिटिश मेडिकल जर्नलात केला. तेही घरच्या बायकांना नवीन नव्हते.

गिनीपिगाच्या निगेविषयी मात्र सारे नव्याने शिकावे लागले. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी या प्राण्याला केवळ धान्यावर ठेवले, तो त्याला खलाशांचा स्कर्व्ही हा रोग जडला, आणि कोबी किंवा लिंबाचा रस देताच तो बरा झाला. मनुष्याप्रमाणेच क जीवनसत्त्व आपल्या देहात निर्माण न करू शकणाऱ्या थोड्या प्राण्यांपैकी हा एक आहे. दुसरे महायुद्ध चालू असता पेनिसिलिन आले. ज्या औषधाने मनुष्याचे प्राण वाचतात त्यानेच गिनीपिग दगावतो, असे लवकरच आढळून आले.

आता पनवेल-अलिबागकडील घरांत मुलांच्या हट्टापायी हाच प्राणी जोडीने पिंजऱ्यात नांदू लागला आहे, आणि घरधन्याला इस्पितळात जावे लागले म्हणजे शेजाऱ्यावर त्याचा भार पडतो. शेजाऱ्याला म्हशीची सवय असते, या प्राण्याची नसते. म्हणून ज्यांच्या घरी हा प्राणी आहे त्यांनी धडधाकट असतानाच एका कागदावर इतके लिहून किल्लीसोबत शेजारी देऊन ठेवावे: रोज ताजे गवत आणि कोथिंबीर, सिमला मिरची किंवा पेरू यांपैकी काही द्यावे, नुसत्या दाण्यावर ठेवू नये, पाणी रोज बदलावे, कोकणातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात पिंजरा पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नये, एक दिवस जरी त्याने अन्न सोडले तरी वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे, आणि आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेल्या औषधांतले एकही त्याला स्वतःच्या बुद्धीने देऊ नये.