गाड्यांची हिवाळी झोप

मंडळी, आज जाऊया शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत, मिशिगन-मिनेसोटाकडे. बर्फ पडायला लागला की तिथले बरेच लोक आपली फोर्ड मॉडेल टी कोठारात ठेवायचे, ती थेट वसंतापर्यंत!

का? एक तर रस्त्यावरचा बर्फ हटवायची सोय कमी. त्यात १९१९च्या सुमारास तिथल्या दहातल्या नऊ गाड्या उघड्या. पण खरा शत्रू होता पाणी. इंजिन थंड ठेवायला साधं पाणीच वापरायचे आणि पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. तेवढ्यानं बिडाचं इंजिन तडकतं!

म्हणून रेडिएटरखालची तोटी उघडून सगळं पाणी सोडायचं. टायरवर भार नको म्हणून गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवायची. बॅटरी असेल तर काढून घरात ठेवायची, कारण उतरलेली बॅटरी लवकर गोठते.

काही जण पाण्यात अल्कोहोल मिसळायचे, पण इंजिन तापलं की ते उडून जायचं. मग १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ नावानं इथिलीन ग्लायकॉल आलं. ते उकळतं १९७ अंशांना, त्यामुळे टिकतं. बंद गाड्याही वाढल्या आणि ही हिवाळी झोप हळूहळू संपली.

आज तिथे व्हिंटेज गाडीवाले हौसेनं जवळपास हेच करतात. मला मात्र आठवतो तो जुना मालक. त्यानं दर हिवाळ्याआधी न विसरता ती तोटी उघडली, म्हणून तर ही गाडी आज आपल्याला बघायला मिळते.