दहावीतून वगळलेली उत्क्रांती

कोविडकाळात अभ्यासाचा भार हलका करण्यासाठी एनसीईआरटीने २०२२ मध्ये पाठ्यपुस्तकांत काटछाट जाहीर केली. दहावीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती गेली. शीर्षकात केवळ ‘आनुवंशिकता’ उरली. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे आक्षेप नोंदविला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती कायम आहे, असे उत्तर मिळाले. परंतु बहुसंख्य विद्यार्थी दहावीनंतर जीवशास्त्र घेतच नाहीत. मेंडेलच्या वाटाण्यांवरून गुणधर्म पुढील पिढीत कसे उतरतात, हे त्यांना कळेल. जिवाणू प्रतिजैविकांना दाद का देईनासे होतात, हे समजण्यास मात्र डार्विनची नैसर्गिक निवडच लागते. शालेय जीवशास्त्रात काय असावे, हे ठरविताना दहावीलाच या विषयाचा निरोप घेणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे असायला हवा.