दत्तक, गुप्तता आणि जन्मदात्रीचें नांव

दत्तक या संस्थेविषयीं आपल्याकडे जें लिखाण झालें आहे, तें बहुतांशीं वारसाहक्काच्या दृष्टीनें झालेलें आहे. दत्तकाला गादी मिळते कीं नाहीं, पिंडदानाचा अधिकार कोणाचा, एकुलता एक मुलगा दत्तक देतां येतो किंवा नाहीं, या प्रश्नांवर धर्मशास्त्री आणि वकील यांनीं ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. परंतु जें मूल एका घरांतून दुसऱ्या घरांत गेलें, त्याला आपली जन्मदात्री कोण हें जाणण्याचा अधिकार आहे काय, या प्रश्नाचा ऊहापोह त्यांत फारसा आढळत नाहीं. यावरून शास्त्रकारांना उदासीन ठरविणें योग्य होणार नाहीं. त्यांच्यापुढें हा प्रश्न सहसा उद्भवतच नव्हता. तो पुढें कां उद्भवला याचा विचार करूं लागलें म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्राच्या इतिहासाची एक दुखरी बाजू आपल्या दृष्टीस पडते.

जुन्या दत्तकविधानांत मुलाचें दान उघडपणें होत असे. जनक मातापित्यांनीं आप्तस्वकीयांच्या समक्ष मूल द्यावें, घेणाऱ्यानें तें ओटींत घ्यावें आणि होमानें विधि पुरा व्हावा, अशी रीत होती. मुलाचें गोत्र पालटे, पुष्कळदां नांवही पालटे. परंतु त्याचें जन्मकूळ कोणाच्या स्मरणांतून जात नसे. झांशीच्या गंगाधररावांनीं १८५३ सालीं दत्तक घेतलेला आनंदराव हा दामोदरराव झाला, तरी तो वासुदेवराव नेवाळकरांचा मुलगा होय हें कोणापासून लपलेलें नव्हतें. १८७५ सालीं कवळाण्याचे गोपाळराव बडोद्याच्या जमनाबाईसाहेबांच्या ओटींत जाऊन सयाजीराव महाराज झाले. त्यांचे सख्खे बंधु आनंदराव व संपतराव यांच्याशीं असलेला त्यांचा संबंध त्यामुळें तुटला नाहीं. शिवाय, दत्तकाला जन्मकुळांतील निषिद्ध नात्यांत विवाह करतां येत नाहीं, हा जुना नियम १९५६ च्या हिंदु दत्तक व पोटगी कायद्यानेंही कायम ठेविला आहे. हा नियम पाळावयाचा म्हणजे जन्मकूळ ठाऊक असलेंच पाहिजे. तेव्हां आपली दत्तकपरंपरा स्मरणाच्या पायावर उभी होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

गुप्ततेचें दुःख आपल्या वाङ्मयाला अपरिचित होतें, असें मात्र नाहीं. कर्णाची कथा आपण बहुधा कर्णाच्या किंवा कुंतीच्या बाजूनें वाचतों. ती भावांच्या बाजूनें वाचली म्हणजे तिचा एक निराळाच अर्थ मनांत येतो. युद्ध संपलें, गंगेच्या तीरीं मृतांस उदक देण्याची वेळ आली, तेव्हां कर्ण हा तुमचा वडील भाऊ, असें कुंतीनें पांडवांस सांगितलें. भाऊ कळला तो तिलांजलि देण्यापुरता! युधिष्ठिराच्या शोकाला क्रोधाची जोड मिळाली, आणि स्त्रियांच्या पोटीं यापुढें गुपित राहणार नाहीं, असा शाप त्यानें दिला. या शापांतील अन्याय उघड आहे. ज्या लोकनिंदेच्या भयानें कुमारी कुंतीनें तान्हें मूल प्रवाहांत सोडलें, त्या लोकनिंदेला धर्मराजानें एका शब्दानेंही दोष दिला नाहीं.

ही लोकनिंदा गेल्या शतकाच्याही आधीं, आपल्या पणज्यांच्या काळीं, किती निष्ठुर होती हें सांगावयास नको. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला; परंतु ब्राह्मणादि वरिष्ठ जातींनीं तो आचरणांत येऊं दिला नाहीं. मुलीचा विवाह बालपणीं व्हावा, कोवळ्या वयांतच तिला वैधव्य यावें, आणि घरांतल्याच एखाद्या पुरुषाच्या पापाचें ओझें तिनें एकटीनें वाहावें, हा प्रकार विरळा नव्हता. त्याचा शेवट विषारी औषधांत, विहिरींत किंवा बालहत्येच्या खटल्यांत होई. अशा स्त्रियांसाठीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. १८८४ सालीं लिहिलेल्या टिपणांत, तोंवर ३५ विधवा तेथें येऊन प्रसूत झाल्याचें जोतीरावांनीं नमूद केलें आहे. पुढें १८७५ सालीं लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें पंढरपुरास तशीच संस्था निघाली. पंढरपूर हें यात्रेचें ठिकाण. विधवेनें देवदर्शनास जाणें कोणाच्या डोळ्यांवर येण्याजोगें नव्हतें.

या गृहांचें सारें सामर्थ्य एका वचनांत होतें: येथें आलेल्या स्त्रीचें नांव बाहेर फुटणार नाहीं. तें वचन नसतें तर कोणतीही स्त्री त्यांचा उंबरठा चढली नसती, आणि पुष्कळ मुलें जन्मास येतांच नाहींशीं झालीं असतीं. म्हणून त्या काळची गुप्तता ही दयेचेंच एक रूप होती, हें आज तिच्यावर टीका करणाऱ्यांनीं विसरतां कामा नये. पण या दयेची किंमत कोणीतरी दिलीच पाहिजे होती, आणि ती मुलांनीं दिली. फुले दांपत्यानें १८७४ सालीं दत्तक घेतलेल्या यशवंताची आई काशीबाई होती हें आज इतिहासाला ठाऊक आहे. परंतु तिच्यासारख्या इतर स्त्रियांचीं नांवें इतिहासाला ठाऊक नाहींत, आणि त्यांच्या बहुतेक मुलांनाही तीं कळलीं नसावींत.

हा प्रकार आपल्याच देशांत घडला असें नाहीं. लंडन येथें थॉमस कोरम यानें १७३९ सालीं सनद मिळवून अनाथ बालकांसाठीं जें रुग्णालयवजा आश्रयस्थान काढलें, तेथेंही मूल आंत घेतांच त्याचें नांव बदलीत. मात्र आईला पुढें मूल परत मागतां यावें, म्हणून कापडाचा एखादा तुकडा, मोडलेलें नाणें, फीत, अशी एखादी खूण मुलाच्या कागदाबरोबर जपून ठेवीत असत. १७४१ पासून १७६० पर्यंत तेथें आलेल्या १६,२८२ मुलांपैकीं अवघीं १५२ परत नेलीं गेलीं. बाकीच्या खुणा वहींत टांचलेल्या तशाच राहिल्या. ज्या मुलांच्या त्या होत्या, त्यांना मात्र त्या दाखविल्या जात नसत. आज त्या प्रदर्शनांत मांडल्या आहेत. परक्यांना त्या पाहावयास मिळतात, आणि ज्यांच्यासाठीं त्या ठेविल्या होत्या तीं मुलें तर केव्हांच काळाच्या उदरांत गेलीं!

आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें मुलीलाही दत्तक घेण्याची मोकळीक दिली, आणि १९६२ च्या दुरुस्तीनें, ज्याचे आईबाप ठाऊक नाहींत असें मूलही न्यायालयाच्या अनुमतीनें देतां येऊं लागलें. संस्थेंतील पाळणा आणि मध्यमवर्गीयांचें घर यांना जोडणारी वाट यामुळें सरळ झाली. याच वाटेनें १९७६ सालीं, मी पांच वर्षांचा असतां, माझी धाकटी बहीण आमच्या घरीं आली. तिला आणि आम्हां सर्वांना ही गोष्ट पहिल्यापासून ठाऊक होती. आमची आई हयात होती तोंवर बहिणीनें जन्मदात्रीचा विषय कधीं काढला नाहीं. आई गेल्यावर तीन वर्षांपूर्वीं तिनें तो माझ्यापाशीं काढला. हा शोध म्हणजे आईशीं कृतघ्नपणा नव्हे ना, एवढीच तिला शंका होती. यशोदेच्या वात्सल्याला देवकीच्या नांवानें कधीं उणेपणा आला नाहीं, असें मी तिला म्हणालों, आणि जुने कागद जुळविण्यास लागलों.

संस्थेच्या कचेरींत मला बाहेर बसविण्यांत आलें. २०२२ च्या दत्तक-नियमांप्रमाणें हा शोध दत्तक गेलेल्या व्यक्तीनें स्वतःच करावयाचा असतो. तिच्या वतीनें तिऱ्हाइताला तो करतां येत नाहीं, आणि कायद्याच्या दृष्टीनें भाऊ हा तिऱ्हाईतच. प्रथम मला हें विचित्र वाटलें. परंतु विचारांतीं नियम योग्य वाटला. भावानें अर्ज लिहावा, गाडीची तिकिटें काढावीं, सोबत करावी. दार उघडावयाचें तें तिनेंच. मूल देतांना नांव गुप्त ठेवावें असें आईनें सांगितलें असेल, तर तिची संमति विचारावी लागते, असाही नियम आहे. ती विचारण्यांत आली, आणि कांहीं महिन्यांनीं नकार आला. मात्र नकार आल्यास, मूल कोणत्या परिस्थितींत दिलें गेलें तें सांगणें संस्थेवर बंधनकारक आहे. बहीण बाहेर आली ती शांत होती. ‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘ती अकरा दिवस माझ्याजवळ होती. मला अंगावर पाजीत होती. वहींत तसें लिहिलें आहे.’’

या अनुभवानंतर या प्रश्नाकडे पाहण्याची माझी दृष्टि थोडी निश्चित झाली. स्कॉटलंडनें १९३० सालींच १७ वर्षांवरील दत्तकाला मूळ जन्मनोंद पाहण्याची मोकळीक दिली; इंग्लंडनें ती १९७५ च्या कायद्यानें, १८ वर्षांवरील व्यक्तीला, दिली. शक्य असेल तेथवर आपले आईबाप जाणण्याचा बालकाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या करारांत मान्य झाला आहे, आणि त्या करारास भारतानें १९९२ सालीं संमति दिली आहे. यावरून कोणी म्हणतील, आईचा नकार विचारांतच घेऊं नये. मला तें पटत नाहीं. त्या स्त्रीला एकदां वचन दिलें गेलें आहे. तिनें त्याच्या भरंवशावर आपलें पुढचें आयुष्य उभारलें असेल, आणि तिच्या घरीं तें गुपित आजही तिला तितक्याच भयानें सांभाळावें लागत असेल. धर्मराजाचा शाप पुन्हां तिच्याच माथीं मारणें हा न्याय नव्हे.

परंतु नांव आणि हकीकत या दोन निराळ्या वस्तु आहेत. नांव हें आईचें आहे, आणि तें द्यावें कीं न द्यावें हें तिनें ठरवावें. हकीकत मात्र मुलाचीही आहे. कारण ती त्याच्याच आयुष्याचीं पहिलीं पानें होत. या पानांवर हक्क सांगावयाचा, तर तीं मुळांत लिहिलेलीं पाहिजेत. १९७६ सालीं कोणा अनामिक परिचारिकेनें किंवा कारकुनानें ती एक ओळ लिहिण्याचा कंटाळा केला असता, तर कोणत्याही कायद्याला ती पुढें निर्माण करतां आली नसती. फुल्यांच्या काळीं जीव वांचविणें हेंच पहिलें कर्तव्य होतें, आणि तें त्यांनीं पार पाडलें. आज ज्यांच्या हातीं या संस्थांच्या वह्या आहेत, त्यांचें कर्तव्य लहान दिसतें, पण तें लहान नाहीं: पाळण्यांत आलेल्या प्रत्येक मुलाविषयीं जें जें खरें कळेल, तें तें सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवावें, आणि ती वही वाळवीपासून व पावसाच्या पाण्यापासून सांभाळावी. कोणीतरी ती वाचावयास पुढें येणार आहे.