परतीची गाडी नसलेली चित्रकर्ती



१८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि कर्जत-खालापूरच्या माणसास मुंबई जवळची झाली. पोटासाठी तिकडे गेलेला मनुष्य शिमग्याला गावी येई; न जमले तरी येण्याची आशा त्यास असे. १९३६ साली मुंबईस येऊन राहिलेल्या एका चित्रकर्तीला मात्र परतीची गाडी नव्हती. तिचे नाव मॅग्डा नाखमन.

मॅग्डाबाईंचा जन्म १८८९ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील ज्यू, आई लुथरन पंथाची जर्मन. झ्वान्त्सेवा नामक बाईंच्या चित्रशाळेत त्यांनी बाक्स्त आणि पुढे पेत्रोव-वोदकिन या नामांकित गुरूंच्या हाताखाली अभ्यास केला. १९१३ साली क्रिमियात त्यांनी मारिना त्स्वेतायेवा या तरुण कवयित्रीस समोर बसवून तिचे चित्र काढले. ते सुदैवाने टिकले आहे. सुदैवाने म्हणावयाचे कारण असे की, क्रांतीपूर्वीचे त्यांचे बहुतेक काम नाहीसे झाले.

क्रांतीनंतरच्या उपासमारीच्या दिवसांत त्यांनी खेड्यातील नाटकमंडळीत काम केले. पुढे मॉस्कोत त्यांची गाठ मं. प्र. ति. आचार्य यांच्याशी पडली व दोघांचा विवाह झाला. हे आचार्य मद्रासचे. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये ते सावरकरांच्या सहवासात होते. १९२० साली ताश्कंद येथे हिंदी कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला त्यातही ते होते, आणि लवकरच रॉय यांच्याशी बिनसल्यामुळे बाहेर पडून अराजवादी झाले. अशा पुरुषाशी संसार मांडणे म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेणेच! १९२२ च्या अखेरीस हे जोडपे बर्लिनला गेले. तेथे १९२८ साली भरलेल्या मॅग्डाबाईंच्या प्रदर्शनावर व्लादिमीर नाबोकोव या निर्वासित रशियन लेखकाने ‘सिरिन’ या टोपणनावाने अभिप्राय लिहिला. १९३३ साली त्यांनी त्याचेही चित्र काढले. तेही हरवले आहे. त्याच साली हिटलर सत्तेवर आला. पत्नी ज्यू पित्याची कन्या, पती काळा आणि राजद्रोही. मग त्या शहरात राहण्यासारखे काय उरले?

मुंबईस आल्यावर मॅग्डाबाईंनी चित्रे काढली ती बहुधा येथल्या सामान्य माणसांची: कष्टकरी, बायाबापड्या, मुले. कोणी म्हणेल, ज्याचा देश सुटला त्याच्या चित्रांत तोच देश दिसावयास हवा. मला तसे वाटत नाही. व्यक्तिचित्र हीच मुळी निर्वासिताची कला होय. तिला घर लागत नाही, जमीन लागत नाही. समोर एक माणूस आणि हाताशी रंग असले की पुरे. पीटर्सबर्गला घडलेली दृष्टी हेच त्यांचे बरोबर आलेले सामान होते. क्रिमियातील कवयित्रीकडे जितक्या आदराने त्यांनी पाहिले, तितक्याच आदराने त्या मुंबईच्या रस्त्यावरील मुलाकडे पाहतात. परदेशी चित्रकारांच्या हातून हिंदी माणूस पुष्कळदा पगडी-फेट्याचा नमुना होऊन बसतो. येथे तसे झाले नाही. ज्याचे स्वतःचे कोठेच ठिकाण नाही, त्याला दुसऱ्याची मौज वाटत नसावी.

बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत त्यांची चित्रे लागत. लांगहामर, फॉन लायडन ही युरोपातून आलेली मंडळी त्या वेळी मुंबईत होती आणि त्यांच्या आधाराने आपले तरुण चित्रकार पुढे येत होते. त्या तरुणांची नावे आज सर्वतोमुखी आहेत. मॅग्डाबाईंचे नाव मात्र मागे पडले. लीना बर्नस्टाइन या विदुषीने देशोदेशीचे कागद आणि घरोघरीची चित्रे हुडकून २०२० साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे विखुरलेले धागे एकत्र आले.

१२ फेब्रुवारी १९५१ रोजी, स्वतःचे प्रदर्शन उघडण्यास काही तास उरले असता, मॅग्डाबाई मुंबईत वारल्या. आचार्य त्यांच्यामागे तीन वर्षे हलाखीत जगले आणि २० मार्च १९५४ रोजी त्याच शहरात गेले. चित्रे निरनिराळ्या घरी पांगली. मुंबईतल्या एखाद्या जुन्या बिऱ्हाडात कोणा अनोळखी मुलाची वा मोलकरणीची तसबीर भिंतीवर असेल, तर कोपऱ्यातली सही एकवार पाहून ठेवावी.